तिसऱ्या मजल्यावरची विहीर

त्या म्हातारीला मी नुसतं 'हो' म्हणालो, एवढाच माझा गुन्हा. 'हो' हा शब्द मला कधीच लाभलेला नाही. ऑफिसात रुजू झालो त्या दिवशी साहेबांनी विचारलं, "जावक विभागात बसाल का?" मी 'हो' म्हणालो आणि अजून तिथेच बसलो आहे. (लग्नातही मी हाच शब्द वापरला होता, पण त्याविषयी इथे काही लिहीत नाही. बायको छापलेलं सगळं वाचते.) तरीही त्या म्हातारीने "माझी शेळी हरवली आहे, शोधून द्याल का?" असं विचारल्यावर माझा अंगठा आपोआप 'हो'वर गेला.

म्हातारी खरी नव्हती. शेळीही खरी नव्हती. दोघी आमच्या टीव्हीत राहत होत्या.

त्या तिथे कशा आल्या ते आधी सांगतो. आमच्या ऑफिसात आलेली पत्रं घेतो तो आवक आणि जाणारी पत्रं पाठवतो तो जावक. मी जावक. शेजारच्या टेबलावर आवक बसतो. या आवकाने हौसेने टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र घेतलं आणि तो त्यात इतका बुडाला की एके दिवशी त्याची बायको म्हणाली, "या घरात एक तर हे यंत्र राहील, नाही तर मी." आवकाने विचार करायला दोन दिवस मागितले, आणि तिथेच त्याचं चुकलं. दुसऱ्या दिवशी यंत्र कापडी पिशवीतून माझ्या टेबलावर आलं. "सांभाळ थोडे दिवस," असं म्हणताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी 'हो' म्हणालो.

यंत्रासोबत एकच गेम होता. जुन्या काळचा. किल्ले, तलवारी, चिलखतं, एक घाबरट राजा आणि आग ओकणारा ड्रॅगन. आपण घोड्यावरचा सरदार. पिशवी देताना आवकाने कानात सांगितलं, "राजाच्या नादी लागू नकोस. ते सगळं वरवरचं. खरा माल साइड क्वेस्टमध्ये असतो. साइड क्वेस्ट म्हणजे आपलं वरकाम रे. गावातल्या लोकांची किडूकमिडूक कामं करत राहा. त्या गावात कुठेतरी खजिन्याची पेटी लपवलेली आहे. मी जंगजंग पछाडलं, पण मला मिळाली नाही."

आता या पेटी शब्दापाशी जरा थांबायला हवं, कारण आमच्या घरात तो शब्द उच्चारायची बंदी होती.

आमचे सासरे पेट्या दुरुस्त करायचे. खजिन्याच्या नव्हे, वाजवायच्या. फाटलेले भाते, बसलेले सूर, अडकलेल्या पट्ट्या यांत त्यांची हयात गेली. दिवसभर लोकांच्या पेट्या बऱ्या करायच्या आणि संध्याकाळी स्वतःची काढून बसायचं. बायकोचा अभ्यास, तिच्या उचक्या, तिचे रुसवे-फुगवे सगळे त्या पेटीच्या आवाजात पार पडले. मागच्या वर्षी सासऱ्यांना झटका आला. तसा सौम्यच. बोलणं परत आलं, चालणं परत आलं, खोचक बोलणं तर डॉक्टरांनी परवानगी देण्याच्या आधीच आलं. फक्त डाव्या हाताची बोटं रुसून बसली ती बसलीच.

आणि पेटीला डावा हातच लागतो. उजवा हात सूर काढतो हे खरं, पण मागचा भाता डावा हात हलवतो. भाता नाही तर वारा नाही, आणि वारा नाही तर पेटी म्हणजे नुसतं लाकूड. मी एकदा म्हणालो होतो, "बाबा, भाता मी हलवतो, तुम्ही वाजवा." त्यावर ते म्हणाले, "दुसऱ्याच्या श्वासावर जगायचं का आता?" त्या दिवसापासून पेटीवर एक चादर पडली आणि तो विषय संपला. सासरे आमच्याकडे राहायला आले, पेटीही आली, पण कोपऱ्यातल्या स्टुलावर पाहुण्यासारखी अवघडून बसून राहिली.

व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी हातात दाबायला रबरी चेंडू दिला. सासऱ्यांनी तो सोफ्याखाली जाऊ दिला. "आज चेंडू देतायत. उद्या खुळखुळा देतील," असं ते भिंतीकडे बघून म्हणाले. जाताना व्यायामवाल्या बाईंनी आम्हाला दारात गाठून स्पष्ट सांगितलं, "हेच दिवस महत्त्वाचे आहेत. आत्ता बोटं हलवली नाहीत तर ती कायमची अशीच राहतील." बायको स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडून भांडी घासायला लागली. भांडी मघाशीच घासून झाली होती. (मी मंद असेन, बहिरा नाही.)

अशा घरात मी ते यंत्र घेऊन आलो.

पहिल्या दिवशी मी खेळत होतो आणि सासरे मागे खुर्चीत पेपर धरून बसले होते. म्हातारीला 'हो' म्हणून मी पुढे निघालो, तोच राजाचा दूत धावत आला. ड्रॅगन निघाला आहे, ताबडतोब किल्ल्यावर या. मी घोडा वळवला.

"कुठे निघालात?" पेपरामागून आवाज आला.

"किल्ल्यावर. राजाने बोलावलंय."

"आणि शेळी?"

"कुठली शेळी?"

"मघाशी त्या बाईंना शब्द दिलात ना?"

"बाबा, ड्रॅगन येतोय. सगळं राज्य जळून जाईल."

"राजाकडे सैन्य आहे," सासरे पेपरचं पान उलटत म्हणाले. "त्या बाईंकडे कोण आहे?"

मी घोडा परत वळवला आणि शेळी शोधायला लागलो. शोधायला लागलो म्हणजे काय, एका कुंपणात घोडा घालून बसलो. पुढे जाईना, मागे येईना. घोड्यावरून उतरायला गेलो तर तलवार उपसली गेली आणि समोरून जाणारी एक कोंबडी गेली. ती गिरणीवाल्याची निघाली. गिरणीवाला आला, त्याचा भाऊ आला, मग सगळं गाव आलं. कोंबडीच्या प्रकरणात माझा अंत झाला. पुन्हा जिवंत झालो तो पुलावरून नदीत पडलो. त्यानंतर काही न करता नुसता उभा राहिलो, तरी मेलो. (हे कसं झालं ते आवकालाही सांगता आलं नाही. तो म्हणाला, असं कुणाचं होत नाही.)

शेवटी पेपर खाली आला.

"द्या इकडे."

सासऱ्यांनी माझ्या हातातून रिमोट घेतला. आता या रिमोटची गंमत अशी की सरदाराला चालवायचा गोल खुंटा डाव्या अंगठ्याखाली येतो. सासऱ्यांच्या ते लक्षात आलं नाही. त्यांचं सगळं लक्ष शेळीत होतं. सरदार जरा अडखळत, दारू प्यायल्यासारखा, पण चालायला लागला. मी टीव्हीकडे बघत नव्हतो. मी तो अंगठा बघत होतो. वर्षभर न हललेला अंगठा एका खोट्या शेळीसाठी हलत होता.

मला ओरडावंसं वाटलं. पण आयुष्यात पहिल्यांदाच मी तोंड बंद ठेवलं. सासऱ्यांना मी ओळखून आहे. हा व्यायाम आहे असं कळलं असतं तर त्यांनी रिमोटही सोफ्याखाली घातला असता. बायकोलाही सांगितलं नाही. ती औषधांच्या दुकानात काम करते. तिने लगेच डोस ठरवून दिला असता, सकाळी अर्धा तास, जेवणानंतर अर्धा तास, आणि सासऱ्यांना वास लागला असता.

त्यानंतर मी फक्त दुभाष्याचं काम केलं. गेममधली माणसं इंग्रजीत बोलत, तेही पडद्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत. ते मी वाचून मराठीत सांगायचो. माझं इंग्रजी जावक विभागातलं. "सदर लोहार आपणांस विनंती करतो की, त्याचा भाता नादुरुस्त झाल्याने काम प्रलंबित आहे, तरी कातडे पुरवण्याची कार्यवाही व्हावी."

"हा लोहार आहे की हेडक्लार्क?" सासरे म्हणाले. पण भाता म्हटल्यावर ते पुढे सरकून बसले. कातडं आणून दिलं, भाता सुरू झाला, तरी त्यांचं समाधान होईना. "एवढ्याशा कातड्याने भाता सांधत नाही. कोपऱ्यातून वारा जाणार. सांगा त्याला." लोहाराला सांगायची सोय नव्हती. मी सांगितलं असं म्हणालो.

त्यांची खेळायची रीतच वेगळी होती. या गेममध्ये कुणाच्याही घरात घुसून पेट्या-पिंपं उघडायची, असेल ते खिशात घालायचं, असा शिरस्ता आहे. सासऱ्यांना ते मुळीच पटलं नाही. "दुसऱ्याच्या घरात शिरून डबे काय उघडायचे? वळण आहे की नाही काही?" त्यामुळे आमचा सरदार शेवटपर्यंत फाटक्या चिलखतात हिंडला. पण गावातलं एक वरकाम त्याने सोडलं नाही. गिरणीचं चाक सोडवलं, कुणाची मेंढी ओढ्यातून काढली, एका विधवेचं छप्पर शाकारलं. राजाचे दूत येत राहिले, किल्ल्याच्या बाजूने धूर दिसू लागला. सासरे म्हणायचे, "आलोच म्हणावं."

अंगठ्यापाठोपाठ तर्जनी हलायला लागली. मी रोज ऑफिसातून घरी जिना धावत चढायचो.

बायकोचं मात्र डोकं फिरलं. तिला फक्त एवढंच दिसत होतं की नवरा आणि बाप शेजारी शेजारी बसून टीव्हीतल्या मेंढ्या हाकतायत.

"तुम्ही बिघडलात ते बिघडलात, माझ्या बाबांना कशाला नादी लावलंत? व्यायामाला बसायचं नाव नाही, चेंडूला हात लावत नाहीत, आणि हे चाललंय!"

"अगं, त्यांचं मन रमतंय."

"मन रमून हात बरा होतो का? रविवारी हे यंत्र ज्याचं त्याला परत करायचं. नाहीतर मी खिडकीतून टाकीन."

ती म्हणाली ते करते. म्हणजे आमच्या हातात फक्त शनिवार उरला. तिचं दुकान शनिवारीही असतं, माझं ऑफिस नसतं. ती घराबाहेर पडली आणि आम्ही दोघं मुलांसारखे टीव्हीपुढे येऊन बसलो.

शेळी एकदाची दुपारी सापडली. ती पडक्या देवडीच्या छपरावर चढून बसली होती. सासऱ्यांनी ती खाली उतरवली आणि म्हातारीच्या दाराशी नेऊन सोडली. म्हातारी गहिवरली. ती काहीतरी बोलली आणि तिने दार लावून घेतलं.

"काय म्हणाल्या?"

मी डोळे बारीक करून वाचलं. "फेअर. वेल. मग शूर सरदारा."

"म्हणजे?"

"फेअर म्हणजे जत्रा. वेल म्हणजे विहीर." मी जरा विचार केला. "जत्रेतली विहीर, शूर सरदारा."

"जत्रेतल्या विहिरीचं काय?"

"एवढंच म्हणाल्या."

सासऱ्यांनी मान डोलावली. "जुनी माणसं सगळं फोडून सांगत नाहीत. चला."

आणि काय सांगू, गावाबाहेर जत्रेचं मैदान होतं. मैदानात तंबू होते आणि तंबूंच्या मागे शेवाळलेली एक विहीर होती. विहिरीत दोर सोडलेला होता. दोरावरून उतरायला रिमोटच्या डाव्या बाजूचं बटण सतत दाबून धरावं लागतं. बोट जरा ढिलं पडलं की सरदार पाण्यात. पहिल्यांदा सासरे मध्यावरून पडले. पुन्हा उतरले, पुन्हा पडले. मग मी म्हणालो, मी बघतो. मी दोराला हातही न लावता पडलो.

"बाबा, राहू द्या. दुखत असेल."

"गप्प बसा. खाली उजेड दिसतोय."

त्यांच्या कपाळावर घाम आला होता. डावा हात थरथरत होता, पण बोट बटणावरून सुटत नव्हतं. मध्ये कपारीतले साप आले, ते त्यांनी उजव्या हाताने मारले आणि डाव्याने दोर धरून ठेवला. मी श्वास रोखून बसलो होतो. सरदाराचे पाय तळाला लागले. विहिरीच्या पोटात एक भुयार होतं आणि भुयारात, लोखंडी पट्ट्या मारलेली, खजिन्याची पेटी होती.

"पेटी!" सासरे ओरडले. "जावईबापू, पेटी!"

वर्षभरात तो शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा आला. सासऱ्यांनी रिमोट मांडीवर ठेवला, स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत बसले आणि मग उठून आत गेले. मला वाटलं हात धुवायला गेले.

हा आनंद कुणाला तरी सांगायलाच हवा होता. आवकाला सोडून दुसऱ्या कुणाला त्याची किंमत कळली नसती. मी घाईघाईने फोन काढला आणि लिहिलं:

"पेटी सापडली! सासरे स्वतः विहिरीत उतरले. डाव्या हाताने दोर धरून! आधी पुन्हा पुन्हा पडले पण ऐकेनात. मीही एकदा पडलो. विहीर त्या म्हातारीने सुचवली. बायकोला यातलं काही माहीत नाही, तिला कळू देऊ नकोस."

पाठवलं, फोन चार्जिंगला लावला आणि सासऱ्यांसाठी पाणी आणायला उठलो. तो निरोप आवकाला गेला नव्हता. तो आमच्या घरच्या ग्रुपवर गेला होता, जिथे बायको आहे, मेव्हणा आहे, आणि सासऱ्यांच्या बाजूची जिवंत असलेली सगळी माणसं आहेत.

मेव्हणा अग्निशमन दलात आहे. त्याचं केंद्र आमच्या मागच्याच रस्त्यावर. मी पेल्यात पाणी ओततोय तोवर दार धडाधडा वाजलं. उघडलं तर खांद्यावर दोरखंडाचं वेटोळं घेऊन मेव्हणा, आणि मागे शिरस्त्राण घातलेले दोन जवान.

"भाऊजी, विहीर कुठे आहे?"

"आत," मी टीव्हीकडे हात केला. हाताच्या त्याच दिशेला न्हाणीघरही होतं. जवान न्हाणीघरात घुसले.

"तिसऱ्या मजल्यावर विहीर?" मेव्हणा ओरडला.

"अरे, तुला कसं कळलं? बसा ना."

"बाबा कुठे आहेत?"

"आत हात धुतायत."

"किती खोल आहे?"

"बरीच खोल. पण दोर आहे."

"पाणी?"

"कमरेइतकं. साप होते, पण ते बाबांनी मारले."

मेव्हणा खाली बसला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि बायको आली. दुकानातला पांढरा कोट तसाच अंगात होता. तिने येता येता व्यायामवाल्या बाईंनाही दवाखान्यातून ओढून आणलं होतं.

"कुठली म्हातारी?" तिने मला गदागदा हलवलं. "कुठल्या म्हातारीने माझ्या बाबांना विहीर दाखवली?"

"अगं, शेळीवाली."

"मला माहीत होतं! त्यांनी पेटी विहिरीत टाकली ना? स्वतःहून टाकली आणि मग मागोमाग स्वतः... आणि तुम्ही लिहिताय मला कळू देऊ नका!"

"नाही गं, पेटी विहिरीतच होती. शेकडो वर्षांपासून."

हे ऐकून ती माझ्याशी बोलायचं सोडून आतल्या खोलीत पळाली. आम्ही सगळे मागे. कोपऱ्यातल्या स्टुलावर नुसती चादर पडली होती. पेटी नव्हती. सासरेही नव्हते. बायको भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली आणि मला पहिल्यांदाच भीती वाटली.

तेव्हा मागच्या गॅलरीच्या बंद दारापलीकडून आवाज आला. आधी सूर नव्हता. नुसता वारा, म्हाताऱ्या माणसाने जिना चढून सोडावा तसा एक श्वास. मग पुन्हा एक. मग त्या श्वासावर एक सूर उभा राहिला, थरथरला, पडला, पुन्हा उभा राहिला.

जवानांनी शिरस्त्राणं काढून हातात घेतली. बायकोने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं आणि ती रडत होती. या वेळी नळ नव्हता. मीही रडलो, उगाच खोटं कशाला बोलू? भाता मध्येच अडखळत होता, सूर गळत होते, पण तो त्यांचा स्वतःचा श्वास होता.

थोड्या वेळाने दार उघडलं. सासऱ्यांनी आमच्याकडे, मग जवानांकडे, मग दोरखंडाकडे पाहिलं.

"कुठे आग लागलीय?"

मग सगळा उलगडा झाला. टीव्ही दाखवला, विहीर दाखवली, म्हातारीचं बोलणं दाखवलं. मेव्हण्याने पडद्याजवळ जाऊन ते वाचलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "भाऊजी, फेअरवेल म्हणजे निरोप. ती नुसती 'बराय, या आता' म्हणाली."

(ऑफिसात निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाच्या फेअरवेलला हार मी आणतो. पण तिथे तो शब्द सलग लिहितात.)

व्यायामवाल्या बाई सासऱ्यांची बोटं एकेक करून वाकवून बघत होत्या. "आजोबा, चेंडूला तर तुम्ही शिवला नाहीत. मग हे झालं कसं?"

"जावईबापूंनी केलं," सासरे म्हणाले.

या वाक्याची कुणालाच सवय नव्हती.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," सासरे सांगू लागले. "मी रिमोट हातात घ्यावा म्हणून हे मुद्दाम वाईट खेळायचे. कुंपणात घोडा काय घालायचे, कोंबडी काय मारायचे, नदीत काय पडायचे! एकदा तर सपाट जमिनीवर नुसते उभे राहून मेले. कुणी माणूस खरोखर इतका बावळट असू शकतो का? मी म्हटलं, हा बिचारा माझ्या हातासाठी स्वतःची शोभा करून घेतोय, तर आपण गप्प बसावं. आणि आजचं बघा. विहिरीत दोर आहे, दोर डाव्या हाताने धरावा लागतो, हे ठाऊक होतं म्हणून निरोपाची विहीर करून सांगितली. जावक विभागातल्या माणसाला फेअरवेल कळत नाही, असं होईल का?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. लग्नाच्या दिवशीही तिने असं पाहिलं नव्हतं. मेव्हण्याने मला मिठी मारली. त्याच्या खांद्यावरचा दोरखंड माझ्या नाकाला लागला, पण मी हू की चू केलं नाही. आता अशा वेळी खरं काय ते सांगणं योग्य होतं का? एका बऱ्या होत असलेल्या वृद्ध माणसाचा विश्वास मोडायचा? मी खाली मान घातली आणि हळूच म्हणालो, "त्यात काय एवढं."

"यंत्र राहू दे हो घरातच," बायको डोळे पुसत म्हणाली. "आवकभावजींना मी सांगेन."

इथे थांबलो असतो तर ही गोष्ट माझ्या मोठेपणाची झाली असती. पण मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, आता खरं खेळून दाखवा ना. ती पेटी विहिरीतून वर काढा. आम्हालाही बघू द्या खजिना."

माझ्या अंगात तेव्हा नुकताच मोठेपणा शिरला होता. मी 'हो' म्हणालो.

सगळे सोफ्यावर, खाली, दारात, जिथे जागा मिळेल तिथे बसले. मी रिमोट घेतला. सरदाराने पेटी उचलली, दोर धरला आणि, आता मलाही नवल वाटतं, तो थेट वरपर्यंत चढला. जवानांनी टाळ्या वाजवल्या. मी टाळ्यांकडे वळून बघितलं. सरदार पेटीसकट परत विहिरीत पडला.

"बघा, बघा," सासरे कौतुकाने म्हणाले. "अजून मुद्दामच करतायत. सवय लागली आहे."

मी पुन्हा चढलो. या वेळी कुणाकडेही बघितलं नाही. काठावर आलो, मैदान ओलांडलं, गावात शिरलो. वाटेत ती शेळी आडवी आली. तिला बाजूला सारायला गेलो, ते बटण तलवारीचं निघालं. म्हातारीने किंकाळी फोडली. गिरणीवाला आला, लोहार आला, छप्पर शाकारून दिलेली विधवा काठी घेऊन आली. सासऱ्यांनी इतके दिवस जपून जमवलेलं सगळं गाव माझ्यावर तुटून पडलं. मी सगळी बटणं एकदम दाबली. सरदार जागच्या जागी नाचल्यासारखा गरगर फिरला, स्वतःच्या घोड्याला धडकला आणि आडवा झाला.

आता सासरेही काही बोलेनात. बायकोच्या चेहऱ्यावरचा तो लग्नातही न दिसलेला भाव माझ्या डोळ्यांदेखत मावळत गेला आणि खाली रोजचा चेहरा दिसू लागला. व्यायामवाल्या बाईंनी मात्र माझ्या हातांवरून नजर काढली नव्हती. त्या बायकोकडे झुकल्या आणि हलक्या आवाजात, काळजीने म्हणाल्या, "यांना झटका कधी येऊन गेला?"

"नाही हो," बायको म्हणाली, "हे आम्हाला असेच मिळाले."